शेजारच्या सीटचा ब्रेक

मी, खाली सही करणारी, धंद्याने गाडी चालवायला शिकवणारी, साठी ओलांडलेली, आज पूर्ण शुद्धीत व कोणाच्याही दडपणाशिवाय हे मृत्युपत्र लिहून ठेवते. ‘शुद्धीत’ हा शब्द इतरांच्या मृत्युपत्रात रिवाज म्हणून येतो. मला त्याचा पुरावा द्यावा लागतो, म्हणून डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. ज्यांच्याकडे असा दाखला नाही, त्यांनी माझ्या डोक्याविषयी बोलू नये.

झाले असे. उभा जन्म नवशिक्यांच्या शेजारी बसून काढला, अंगावर ओरखडा आला नाही; आणि पडले ती घरात, पडदे काढताना स्टुलावरून. डोक्याला मार बसला. शुद्धीवर आले तेव्हा तोंडात एकच शब्द उरला होता: क्लच. पाणी हवे, क्लच. उशी टोचते, क्लच. माझे थोरले बंधू, आमचे दादा, भेटायला आले आणि म्हणाले, “मला ओळखलंस का?” ओळखले होते, आणि एका शब्दात जेवढे सुनावता येते तेवढे सुनावलेही. बाहेर जाऊन ते वहिनींना म्हणाले, “ही कामातून गेली. आता घराचं काय ते बघायला हवं.” डोके फुटले होते, कान शाबूत होते.

एक. राहते घर मला वडिलांकडून मिळाले. आम्हाला मूलबाळ नाही. मी काही न लिहिता गेले तर घर माहेरच्यांकडे जाईल आणि माझे पती उघड्यावर पडतील, असे वकील सांगतात. म्हणून हा सगळा खटाटोप. घर, भांड्याकुंड्यांसह आणि गळक्या नळासह, मी माझ्या पतींना देते. तो नळ दादांनी ओळखीतून स्वस्तात बसवून दिला होता.

दोन. बँकेत जे असेल तेही पतींचेच. त्यातून त्यांनी आधी नवा चष्मा घ्यावा. ते पुस्तकांची बांधणी करतात आणि हल्ली सुई दोऱ्यात ओवू पाहतात.

त्यांच्याविषयी इथे थोडे लिहिणे भाग आहे. ‘सावकाश’ हे त्यांचे पालुपद, म्हणून माझ्या शिकाऊ मुली त्यांना सावकाशराव म्हणत. कोणता क्लच पाण्याचा आणि कोणता रागाचा, हे एकट्या त्यांना कळे. रोज सकाळी ते डोळे मिटून देवापुढे बसत, मग माझ्याजवळ येऊन उजव्या हाताची आखडलेली बोटे एकेक करून उघडत. मी ताट ढकलले, शिव्या दिल्या (त्याही क्लचमधूनच), एकदा चावलेही. ते म्हणत, “देवाला घाई नाही, मला घाई नाही, तुलाच कसली गं एवढी?” माझा देवावर विश्वास बेताचा, ब्रेकवर पूर्ण. आमच्यात एकाने देवाकडे बघायचे आणि एकाने रस्त्याकडे, अशी वाटणी होती. रस्त्याकडे बघणारी आडवी झाली तरी ते डगमगले नाहीत. मी मात्र रोज घाबरलेली असे.

तीन. ज्या स्टुलावरून पडले ते मी माझ्या थोरल्या बंधूंना देते. एक पाय आखूड आहे. पडदे त्यांच्याही घरात आहेत.

वहिनींना माझी चांगली शाल द्यावी. त्या दर आठवड्याला सूप घेऊन येत आणि घराचा विषय कधी काढत नसत.

चार. शिकवण्याची गाडी. मी इस्पितळात असताना दादांनी तिला गिऱ्हाईक आणले. साधी गाडी म्हणून विकायची, तर शिकवणाऱ्याच्या पायाखालचा दुसरा ब्रेक कशाला? मेकॅनिकने आतली सळई काढली, वरचे पॅडल काढायचे राहिले. तेवढ्यात आमचे हे तिथे पोचले आणि गाडीत जाऊन बसले. उतरेनात.

“ती आली की चालवेल,” म्हणाले.

“अरे, ती नुसतं क्लच म्हणते.”

“मग सुरुवात तिथूनच होते ना?”

गिऱ्हाईक हसत निघून गेले. मी घरी आल्यावर हे मला रोज त्या उभ्या गाडीत नेऊन बसवत. तिथे मला आरसा सापडला, गियर सापडला, हळूहळू बाकीचे शब्दही सापडले. डॉक्टरांनी सगळ्या चाचण्या घेऊन परवानगी दिली तेव्हा आम्ही रस्त्यावर आलो. ह्यांना गाडी येत नाही. तरी शेजारी बसून दोन्ही पाय त्या पॅडलवर आणि ओठांवर देव. पहिल्याच वळणावर हातगाडी आडवी आली. मी ब्रेक दाबला, त्यांनीही दाबला. गाडी थांबली. घाम पुसून म्हणाले, “बघ, तिघांनी मिळून थांबवली.”

दुसऱ्या दिवशी मेकॅनिकने मला बाजूला घेतले. “बाई, ते पॅडल कशालाच जोडलेलं नाही. जोडून देऊ?” मी नको म्हणाले. त्यानंतर आम्ही सगळीकडे फिरलो आणि प्रत्येक वळणावर ते जीव तोडून दाबत राहिले. अजून दाबतात.

तर अहो, गाडी तुमची. मेकॅनिककडून चालवायला शिका, सावकाश. मला शेजारी बसून शिकवता येणार नाही, याचे फार वाईट वाटते. आणि ते पॅडल काढू नका. ते कशालाही जोडलेले नाही, हे मला दुसऱ्या दिवसापासूनच माहीत होते. तुम्ही दाबलेत की माझ्या उजव्या हाताची आखडलेली बोटे सैल होत, हेही मी पूर्ण शुद्धीत लिहून ठेवते.

लिहून देणारी: (सही, उजव्या हाताने, वाकडी आहे, पण माझीच)

साक्षीदार पहिले, डॉक्टर: माझ्यासमोर वाचून सही केली. बोलण्यात उणीव आढळली नाही, उलटच.

साक्षीदार दुसरे, मेकॅनिक: वरील मजकूर खरा आहे. साक्षीदाराला काही मिळत नाही म्हणतात, नाहीतर जॅक मागितला असता.

ठिकाण: राहत्या घराची पुढची खोली. पती बाहेर गाडी पुसत आहेत.
तारीख: डॉक्टरांच्या शिक्क्याखाली आहे ती.