शेवटचा सामना धुळ्याला ठेवल्याबद्दल

लिहून ठेवणार : यादव जीवराम सुरवाडे, वय वर्षे एकाहत्तर, पूर्वी वरणगावच्या कारखान्यात फिटर, सध्या घरी, राहणार वरणगाव, तालुका भुसावळ, जिल्हा जळगाव.

माझे डोके ठिकाणावर आहे. जळगावच्या डॉक्टरांनी तसा दाखला दिला असून तो मागे जोडला आहे. ज्यांना तो खोटा वाटेल त्यांनी आधी स्वतःचे डोके तपासून घ्यावे. हा कागद मी कोणाच्या दबावाखाली लिहीत नाही. आयुष्यात एकदाच दबावाखाली वागलो. ते काय होते ते कलम सहामध्ये येईल, आणि खरे तर हा सगळा कागद त्या कलमासाठीच आहे. यापूर्वी कुठे काही लिहून ठेवले असल्यास ते रद्द समजावे.

कलम १. वरणगावचे राहते घर, मागच्या पडवीसह, माझी मुलगी सविता हिला द्यावे. तिने ते विकले तरी माझी हरकत नाही. घराबद्दल बोलायला माझे चुलतभाऊ येतील. त्यांना चहा पाजावा आणि वाटेला लावावे. माझ्या आजारपणात त्यातला एकही पायरी चढून वर आला नाही.

कलम २. अंत्यविधी आपल्या रीतीने, भंतेजींच्या हस्ते, साधा करावा. फुटबॉल लीगच्या कोणाही पदाधिकाऱ्याला भाषण करू देऊ नये. ते लांबवतात.

कलम ३. माझे पान्हे, पक्कड आणि ऑइलचा डबा वरणगाव क्लबला द्यावा. गोलच्या खांबांचे नट दरवर्षी ढिले होतात आणि दरवर्षी सगळे माझ्याच तोंडाकडे बघतात. हे सामान खरे तर शेजारी योगराज यांना द्यायचे मनात होते. लाइनवर झेंडी घेऊन उभा राहणारा तेवढा एकच माणूस मला प्रामाणिक भेटला. पण ते या कागदावर साक्षीदार आहेत, आणि ज्याला काही मिळणार त्याला साक्षीला घेऊ नये असे वकीलबाईंनी बजावले आहे. योगराज, रागावू नका.

कलम ४. मी बावीस वर्षे आमच्या आठ क्लबांच्या लीगचा कार्यवाह होतो. कोणता सामना कधी आणि कोणाच्या मैदानावर, हे वेळापत्रक मी हाताने आखायचो. त्या बावीस वह्या सविताकडे राहतील. लीगने मागितल्या तरी देऊ नयेत. एका वर्षी पाहायला म्हणून नेल्या तेव्हा दोन वह्यांवर चहाचे डाग पाडून परत आणल्या होत्या.

लोकांना वाटते, वेळापत्रक म्हणजे तारखांचा कागद. वह्या नीट वाचल्या तर कळेल की निम्मी लीग तिथेच ठरते. दर शंभर सामन्यांत चोपन्न घरच्या संघाने जिंकले आहेत, बाहेरच्याने जेमतेम एकवीस. याचे कारण प्रेक्षकांचा आरडाओरडा एवढेच नाही. भडगावच्या मैदानाचा गिरणा नदीकडचा कोपरा रेताड आहे, तिथे चेंडू मरतो. त्यांच्या पोरांना ते पायाने कळते, पाहुण्यांना मध्यंतरानंतर कळते. आमच्या वरणगावचे मैदान नाल्याकडे उतरते. आमचा कप्तान नाणेफेक जिंकला की उत्तरार्धासाठी उतार ठेवून घेतो, हेही मी लपवत नाही. वरणगावची सहा पोरे कारखान्यात. बाहेरचा सामना गुरुवारी लागला की कोणाची तरी पाळी बदलत नाही आणि राखीव खेळाडू म्हणून ड्रायव्हरला बूट घालावे लागतात. हे सगळे माहीत असलेला माणूस पेन्सिल हातात धरतो तेव्हा तो काय करू शकतो, याचा विचार वाचणाऱ्याने करावा.

कलम ५. काही किरकोळ वस्तू.

माझी मोठी काळी छत्री रावेर क्लबचे अध्यक्ष उखर्डू महाजन यांना द्यावी. त्यांच्या मैदानावर घरच्या संघाच्या बाकावर पत्रा आहे, पाहुण्यांच्या बाकावर नाही, आणि मार्चमध्ये ते सामना दुपारी दोनलाच मागतात. 'केळीच्या गाड्या संध्याकाळी भरायच्या असतात, नाना,' हे कारण मी बावीस वर्षे ऐकले. छत्री पाहुण्यांच्या बाकाशी उभी करावी.

'निःपक्ष कार्यवाह' असे कोरलेले पितळी सन्मानचिन्ह धुळे क्लबचे सेक्रेटरी प्रेमराज भाईदास देसले यांना द्यावे. ते मला त्यांच्यामुळेच मिळाले. घरी नेऊन पोहोचवू नये, पार्सल करावे आणि पार्सलचा खर्च त्यांनी द्यावा.

कलम ६. माझा मुलगा प्रशील वरणगावकडून पुढच्या फळीत खेळायचा. सन २०१३ च्या मोसमात त्याचे वय चोवीस होते. एका सरकारी खात्याच्या खेळाडूभरतीची दोन माणसे त्याला पाहायला येणार होती, ती लीगच्या शेवटच्या सामन्याला. वयाची अट पंचवीसची, म्हणजे ही एकच संधी. शेवटचा सामना धुळ्याशी होता. आदल्या वर्षी तो धुळ्याला झालेला, म्हणून त्या वर्षी वरणगावला व्हायचा. हा आळीपाळीचा नियम मीच लिहिलेला.

लीगच्या वेळापत्रकाच्या बैठकीत, जळगावला, प्रेमराज उभे राहिले आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "नाना, पोऱ्या तुमना, मैदान तुमनं, कागद बी तुमनाच हातमा शे. मंग आम्ही कसाले येवानं?" आम्ही यायचेच कशाला, या त्यांच्या प्रश्नावर लोक हसले. मला तो हसण्याचा आवाज सहन झाला नाही. नियमावर बोट ठेवून 'सामना वरणगावला होईल' एवढे एक वाक्य बोलायचे होते. त्याऐवजी मी म्हणालो, चिठ्ठ्या टाकू. दोन चिठ्ठ्या मी लिहिल्या. एक प्रेमराज यांनी उचलली, तिच्यावर 'धुळे' निघाले. दुसरी मी खिशात घातली. तिच्यावरही 'धुळे'च होते.

माझ्यावर कोणी बोट दाखवू नये म्हणून मी हे केले. दुसरे कोणतेही कारण नव्हते. वर आणखी शहाणपणा म्हणून त्याआधीचे दोन सामनेही बाहेर लावले, आठ दिवसांत रावेर, भडगाव आणि मग धुळे.

पोरे सकाळी सहाला निघाली. महामार्गाचे काम चालले होते, पोहोचेपर्यंत एक वाजला. तीनला सामना. अखेरीस धुळे एक-शून्यने पुढे असताना आम्हाला पेनल्टी मिळाली, ती प्रशीलने घेतली. धुळ्याच्या त्या गोलसमोर पेनल्टीच्या खुणेवर खळगा आहे. तिथली पोरे चेंडू वीतभर डावीकडे ठेवतात आणि पंच कानाडोळा करतो. प्रशीलने चेंडू खुणेवर ठेवला. चेंडू खळग्यात बसला, पाय त्याच्याखाली गेला आणि चेंडू गोलच्या वरून निघून गेला. त्या खळग्याची माहिती प्रशीलला नव्हती. मला होती. मी कठड्याशी कार्यवाहाच्या खुर्चीत बसलो होतो. आदल्या रात्री त्याच्यासोबत एका ताटात जेवलो होतो, आणि कार्यवाहाने कोणत्याही संघाला काही सांगू नये म्हणून बोललो नव्हतो.

निवड करणारी माणसे पंचाने शिट्टी वाजवायच्या आधीच गेली. परत येताना स्टँडवर मी प्रशीलला म्हणालो, "नियम सगळ्यांना सारखा." तो एसटीत माझ्या शेजारी बसला नाही. महिन्याभरात रावेरला केळीच्या पॅकिंगवर लागला, तिथेच संसार केला, तिथल्याच पोरांना शिकवतो. बारा वर्षे झाली. चिठ्ठीत नशीब फिरले आणि बाप भांडला नाही, एवढेच त्याला माहीत आहे. बाकीचे आता कळेल.

माझी पत्नी द्रौपदाबाई हिला मी त्याच आठवड्यात खरे सांगितले होते. तिने मुलाला सांगितले नाही, म्हणाली, "तुम्ही केलंय, तुम्हीच सांगा." त्यानंतर वारेपर्यंत तिने मला नावाने किंवा नात्याने हाक मारली नाही. 'कार्यवाह' म्हणायची. 'कार्यवाह, जेवून घ्या.' सहा वर्षे ऐकले. हे मी तक्रार म्हणून लिहीत नाही, पण मला लागायचे.

कलम ७. माझा मुलगा प्रशील याला या मृत्युपत्राने काहीही मिळणार नाही. घर नाही, भांडे नाही, वह्यांतले पान नाही. हे रागाने केलेले नाही. मला तो साक्षीदार म्हणून हवा आहे. वारस असता तर मेल्यावर कागद त्याच्या हातात पडला असता. साक्षीदाराला मात्र मी जिवंत असताना माझ्यासमोर बसावे लागते आणि मला सही करताना पाहावे लागते. त्याला माझ्यासमोर बसवण्याची दुसरी युक्ती मला सुचली नाही. तोंडाने सांगायला गेलो तर मी पुन्हा नियमांवर बोलायला लागेन, मला माझी खात्री आहे.

कलम ८. कलम सहाची नक्कल लीगच्या आठही क्लबांना पाठवावी आणि २०१३ च्या वहीत शेवटच्या सामन्यापुढे 'मैदान चुकीचे, दोष कार्यवाहाचा' असे सविताने लाल शाईने लिहावे. निकाल बदलू नये. धुळे जिंकले ते जिंकले.

येणेप्रमाणे सर्व मजकूर मी स्वतः सांगितला, वाचून घेतला व मान्य केला.

ठिकाण : ~~वरणगाव~~ रावेर
दिनांक : ९ नोव्हेंबर २०२५

खाडाखोडीबाबत खुलासा : हा कागद वरणगावला माझ्या घरी पुरा व्हायचा होता. सविताने भावाला फोन केला. त्याने उत्तर दिले, "मी तिकडे येणार नाही. सही पाहिजे तर त्यांना म्हणा, इकडे या." म्हणून योगराज यांना घेऊन एसटीने रावेरला आलो. पॅकिंग आटोपेपर्यंत तासभर ओट्यावर बसवले. पाहुण्या संघाला तेवढे सोसावे लागते. नंतर प्रशील बाहेर आला, समोर बसला, कागद घेतला आणि कलम सहा दोनदा वाचले. 'वरणगाव' शब्द मी स्वतः खोडला आहे.

लिहून ठेवणार : (सही) यादव जीवराम सुरवाडे

साक्षीदार :

१. (सही) योगराज, शेजारी, वरणगाव. यादवनानांनी माझ्यासमोर सही केली.

२. (सही) प्रशील यादव सुरवाडे, राहणार रावेर. यांनी माझ्यासमोर सही केली. मजकूर पूर्ण वाचला. माफ केले असा अर्थ काढू नये.