एकोणिसावा दगड

३ फेब्रुवारी

पोचले एकदाची! बात्तंबांगहून नऊ तास बसमध्ये, मग दोन तास वुथाच्या मोटारसायकलवर मागे. नाकातोंडात तांबडी धूळ, केसांचा पार झाडू झाला. पण काही म्हणा, मजा आली. वुथा माझा थोरला भाऊ. त्याला 'बाँग', म्हणजे दादा, म्हणायचं असं आईने लहानपणीच बजावलंय, पण मी फक्त काम असलं की म्हणते. गेली तीन वर्षं तो इथे, प्रासात क्राबाओ या जुन्या मंदिराच्या जीर्णोद्धारावर पाथरवट आहे. इथे चित्रं काढणाऱ्याची जागा निघाली तेव्हा त्यानेच माझं नाव सुचवलं. जन्मात पहिल्यांदा भावाला बहिणीची आठवण झाली, असं मी गाडीवर त्याच्या कानात ओरडून सांगितलं. हसला नाही. धूळ गेली असेल तोंडात.

मंदिराचा मधला मनोरा ढासळून दगड सगळीकडे रानात पडलेत. माझं काम म्हणजे एकेक दगड मोजायचा, त्याचं चित्र काढायचं, त्यावर क्रमांक घालायचा आणि त्याचा शेजारी हुडकून काढायचा. आमच्या जुन्या ख्मेर लोकांनी चुना वापरलाच नाही. दगडावर दगड घासून घासून बसवला. त्यामुळे प्रत्येक दगड फक्त आपल्याच शेजाऱ्याशी जुळतो, दुसऱ्या कुणाशी नाही. नवराबायकांपेक्षा बरं म्हणायचं. आणि खोटं कशाला बोलू, या कामात माझा हात धरणारं कुणी नाही. एकदा पाहिलेला सांधा मी विसरत नाही.

स्वयंपाकाला मिंग साओ आहे. जाड, बोलघेवडी. बात्तंबांगच्या पोरी खातात चिमणीएवढं आणि बोलतात गाव भरून, असं म्हणत तिने माझ्या ताटात भात आणि आंबवलेल्या मासळीचा प्राहोक वाढतच नेला. काय चव आहे बाईच्या हाताला! दोनदा मागून घेतला.

७ फेब्रुवारी

आज साहेबीणबाईंशी ओळख झाली. आग्नेता. स्वीडनची, इंजिनिअर, पन्नाशीची. आमची ख्मेर बोलते ती तोंडात गरम रताळं धरल्यासारखी, पण बोलते. फाटकावर पाच देशांचे झेंडे आहेत, त्या पाचांच्या वतीने हीच काम बघते. आमच्या नवीन वर्षाच्या आधी, दहा एप्रिलला मनोरा उभा करून दाखवायचा आहे. पाचही ठिकाणचे पाहुणे येणार.

वुथाने सांगितलं नव्हतं ते तिने सांगितलं. मनोरा याआधी दोनदा उभा केला आणि दोन्ही वेळा कोसळला. दुसऱ्या खेपेला एक पाथरवट खाली सापडून मेला. जुन्या दगडांपैकी एकोणीस सापडलेच नाहीत, म्हणून त्यांच्या जागी नवे घडवलेत, आणि नेमके तेच सरकतात. आग्नेताने पाया खणून पाहिला, माती तपासली, गणितं मांडली. दोष कुठेच नाही.

यावर आमचे मुख्य पाथरवट ता खेआंग पान चघळत म्हणाले, की जुन्या दगडात जीव आहे, नव्यात नाही. भिंत त्यांना थुंकणारच, आपण नाही का भातातला खडा थुंकत? सत्तरीचे आहेत ता, सगळे त्यांना आजोबांसारखं मानतात, शिवाय पूजाअर्चाही तेच करतात. आग्नेताने ते सगळं मान डोलावत वहीत लिहून घेतलं. स्थानिक परंपरेचा मान राखायचा, असं करारातच आहे म्हणे.

१३ फेब्रुवारी

काल २०७ नंबरचा दगड कलंडला आणि खालून हिरवा विषारी साप निघाला, माझ्या पायापासून वीतभर. मी अशी किंचाळले की पाचही देशांना ऐकू गेलं असेल. आज अंगात ताप. मिंग साओचं निदान ठरलेलं: माणसाचे एकोणीस प्राण, त्यांतले दोनचार तरी भिऊन रानात पळाले, आता बोलावून आणायला हवेत. माझी आजीही असंच म्हणायची. मी हो म्हटलं. औषधाची गोळीही घेतली, उगाच भांडण नको कुणाशी.

१५ फेब्रुवारी

प्राण बोलावण्याचा विधी झाला. इतकी माणसं माझ्यासाठी कामं टाकून बसतील असं वाटलं नव्हतं. माझा अंगावरचा, न धुतलेला निळा सदरा टोपलीत ठेवायला मागितला, दिला. प्राण आपल्या माणसाचा वास ओळखून कपड्यावर येतात, हे आमच्याकडे शेंबडं पोरही सांगेल. ता खेआंगनी माझं नाव, वार, वर्ष आणि जन्माची घटकासुद्धा घेतली. ती घटका मला स्वतःला माहीत नव्हती! वुथाने आईला विचारून ठेवली होती म्हणे. एवढी काळजी! मला रडूच आलं.

शेवटी ता खेआंगनी विचारलं, की आले का? आणि सगळे एका सुरात ओरडले, की आले, आले! मनगटाला दोरा बांधला. गंमत एवढीच, की घरी अशा वेळी सगळे आजाऱ्याकडे तोंड करून बसतात. इथे सगळे मनोऱ्याकडे तोंड करून, माझ्याकडे पाठ. ऊन डोळ्यांवर येत असणार.

ताप उतरला.

२३ फेब्रुवारी

पहिला नवा दगड बसला, आणि हलला नाही. आग्नेताचं यंत्र केसाएवढी हालचालही दाखवत नाही. तिने ता खेआंगना मिठीच मारली. म्हातारबुवा लाजून लाल.

मला मात्र दिवसभर दाढेत कळ. वुथाने लाकडी हातोड्याने दगड ठोकला की कळ, थांबला की कळ बंद. योगायोग. रात्रीच्या जेवणात प्राहोक अगदी मिळमिळीत होता. मिंग साओला तसं म्हटलं तर एरवी पळी घेऊन धावली असती. आज मान खाली घालून भांडी घासत राहिली.

४ मार्च

सहा दगड बसले. कसलीच चव लागत नाही, मीठसुद्धा नाही. दुपारी सावलीत बसले होते तरी पाठ उन्हात तापल्यासारखी भाजत होती, आणि मानेवरून मुंग्यांची रांग चालल्यासारखं वाटत होतं. झटकायला गेले तर मुंगी नाही. वर पाहिलं. सहाव्या नव्या दगडावरून लाल मुंग्या चालल्या होत्या, रांगेने.

आणखी एक. १४ नंबरचा सांधा मला आठवेना. मला! वही उघडून बघावी लागली.

१२ मार्च

दहा.

सांध्यांची चित्रं काढायला परांचीवर चढले. माझं कामच आहे ते. दहाव्या दगडाच्या खाली, फटीत, निळं काहीतरी दिसलं. नखाने टोक बाहेर ओढलं, पुढे हलेना. माझ्या सदऱ्याची चिंधी, पांढऱ्या दोऱ्याने बांधलेली. नवव्याखालीही. आठव्याखालीही.

खाली उतरले. एकोणीस दगड. एकोणीस प्राण. मी, एकेका ओरखड्यावरून दगड ओळखणारी मी, आणि एवढं साधं माझ्या डोक्यात आलं नाही. त्यांनी माझे प्राण बोलावले खरे. पण माझ्यात नाही. त्या भिंतीत.

१३ मार्च

मिंग साओला स्वयंपाकघरात गाठलं. आधी कांदा चिरत राहिली, मग सुरी टाकून रडली. म्हणाली, की पोरी, मी भात शिजवते, मंत्र नाही म्हणत. पण तुला पोटभर वाढत राहिले ती मीच, सगळं माहीत असून. मागच्या वेळी माणूस चिरडला तेव्हा सगळ्यांनी ठरवलं, की एकाने आपले प्राण दगडांना द्यायचे. चिठ्ठ्या टाकल्या. चिठ्ठी वुथाची निघाली. तो दोन दिवस जेवला नाही. मग ता खेआंगच्या पाया पडून म्हणाला, की माझंच रक्त चालेल ना? मला एक बहीण आहे.

तिने मला जवळ घ्यायला हात पुढे केला. मी ढकलला. चिठ्ठी त्याची होती. त्याची!

१४ मार्च

आग्नेताकडे गेले. सगळं सांगितलं, परांचीवर नेऊन चिंध्या दाखवल्या. तिने शांतपणे ऐकलं, माझा हात हातात घेतला, मलेरियाची तपासणी करून घे म्हणाली. दगडाखाली कापड ठेवण्याच्या विधीला तिने स्वतः लेखी परवानगी दिली आहे. सांध्याला धोका नाही हे तिने तपासलंय. ते काढायला लावणं म्हणजे तुमच्याच संस्कृतीचा अपमान होईल, असं ती मला म्हणाली. मला! आणि मनोरा हलत नाहीये, हे तू विसरू नकोस, म्हणाली.

१९ मार्च

बारा.

आईला फोन केला. आवाज ओळखू आला नाही. कुणी परकी बाई बोलतेय असं वाटलं. एवढंच विचारलं, की माझ्या जन्माची घटका कशासाठी दिलीस? ती म्हणाली, की त्याला दोन पोरं आहेत, कुन्थिया. तुला कोण आहे?

तुला कोण आहे, म्हणाली.

२६ मार्च

चौदा. आज भर दुपारी पळाले. हमरस्त्यापर्यंत चालत गेले. हात केला. ट्रक गेला. रिक्षा गेली. माझ्यापुढे उभी राहून ओरडले तरी मोटारसायकलवाला वळसा घालून गेला, मैलाच्या दगडाला घालावा तसा. एक कुत्रं आलं, हुंगलं आणि माझ्या पायावर मुतून गेलं.

हसू आलं. मग खूप रडले. डोळ्यांतून पाणी आलं नाही.

परत आले. दुसरीकडे कुठे जाणार? माझं बहुतेक सगळं इथेच आहे.

१ एप्रिल

सोळा. छातीवर वजन. जसजसा वर दगड चढतो, तसतसं वाढतं. पारव्यांचे पाय कळतात.

स्वतःच्या हातचं चित्र ओळखता येत नाही. चांगलं काढलंय कुणीतरी.

६ एप्रिल

अठरा. तो आला होता. भाऊ. नाव — नाव वहीत मागे आहे, बघून लिहिते — वुथा.

पाया पडला माझ्या. थोरला असून. म्हणाला, भित्रा आहे मी, कुत्रा आहे, थुंक माझ्यावर. मग सांगितलं, की शेवटचा प्राण कपड्याने येत नाही. त्याला रक्ताच्या माणसाने हाक मारावी लागते, आणि आपण आपल्या तोंडाने ओ द्यावी लागते. मी मारणारच नाही हाक, म्हणाला. दहा तारखेला सकाळी सगळे पाहुण्यांत असतील, तेव्हा गाडी घेऊन येतो, घरी नेतो. मला तो बघू शकतो. म्हणजे नेऊही शकतो.

एक उरलाय. एकावर माणूस जगतं का? जगेल. मी जगेन.

वुथा. वुथा. वुथा. विसरायचं नाही.

९ एप्रिल

तो येणार आहे. पिशवी भरली. पिशवीत काय भरायचं असतं — वही भरली.

१० एप्रिल

सकाळ. चित्रांच्या खोलीत बसलेय. खिडकीतून दिसतंय. खुर्च्या, झेंडे, पाहुणे. ती गोरी बाई टाळ्या वाजवतेय. दगड दोरांवर लटकलाय, शेवटचा —

मोटारसायकलचा आवाज! आला. आला बाई —

इकडे नाही वळला. मनोऱ्याकडे गेला. उतरला. हातात टोपली आहे. म्हातारा त्याच्या पाठीवर हात ठेवतोय. तो रडतोय. रडतोय, तरी चढतोय —

ओ द्यायची नाही. काही झालं तरी नाही. गळ्यातला पंचा, क्रामा, तोंडात कोंबलाय —

हाक मारतोय. कुन्थिया, म्हणतोय, चल, घरी जाऊ या. आईने भात टाकलाय. सगळं सगळं खोटं. मला माहीत आहे, खोटं —

पुन्हा. घरी चल गं —

किती दिवसांत कुणी माझं नाव — क्रामा कधी काढला मी —

बाँग, मी इ