डाव्या दाराची पट्टी

बिदर,
पौष वद्य पंचमी

प्रिय नलू,

अनेक आशीर्वाद. तुझं दोन ओळींचं पत्र पोचलं. 'मी खुशाल आहे, तुम्ही सगळे खुशाल असाल.' अक्षर मात्र असं वळणदार, जसं काही शाळेतल्या बाई शुद्धलेखन तपासणार आहेत. तुझ्या या खुशालीबद्दल मला बोलायचंच आहे, पण ते मागाहून. आधी घरच्या बातम्या ऐक. हे पत्र लांबणार आहे, तेव्हा जागा बघून बस.

अप्पांची तब्येत बरी आहे. उजवा हात-पाय अजून साथ देत नाही, पण जीभ पूर्ववत झाली, आणि वकिलाची जीभ सुटली म्हणजे घरात काय होतं ते तुला सांगायला नको. सकाळपासून व्हरांड्यात खुर्ची टाकून बसतात. कट्ट्यावरची मंडळी जमली की बिदर जिल्हा म्हैसुरात जाणार का मुंबईत, यावर वाद घालायलेत. जिल्हा बिचारा रोज इकडून तिकडं ओढला जातो आणि जेवणाच्या वेळेला होता तिथंच राहतो. परवा मी बाहेर येऊन सांगितलं, जिल्हा जाईना कुणीकडं, वरण निवायलंय, उठा आता. बंडोपंत काका हसले. अप्पा रागावले, पण उठले.

आता मोटारीची हकीकत. वैशाखात अप्पांना झटका आला तेव्हापासून ती गोठ्यात उभी होती. आपल्या ड्रायव्हरला, रामलिंगाला, नुसतं घरी बसवून ठेवता येईना, तो सरकारी बसवर लागला, हल्ली उदगीरच्या लाईनीवर आहे. रझाकारांच्या धामधुमीत जनवाड्याला कडब्याच्या गंजीत लपवून वाचवलेली ती मोटार, तिच्या टपावर आता शेजारच्या कोंबड्या झोपायला लागल्या. माझा जीव तुटायचा. शेवटी विकायचं ठरलं. हुमनाबादचा एक सडकेची कामं घेणारा गुत्तेदार बघायला आला. बाहेरून फिरला, मान डोलावली. आत बसला आणि नाक मुरडलं. दारांच्या आतल्या लाकडी पट्ट्या, काचांच्या चौकटी, समोरचा तक्ता, सगळ्याचा रंग पोपडे धरून सुटायलेला. आतून रंगवून द्या, मग नेतो, असं म्हणून गेला.

रंगारी मिळेल तर शपथ. गावातले सगळे रंगारी कचेऱ्यांच्या पाट्या बदलायला लागलेत. एक पाटी पुसायची, दुसरी लिहायची, साहेबाला पसंत पडली नाही की पुन्हा पुसायची. मग मीच पदर खोचला. अप्पा म्हणाले, तुला मोटारीतलं काय कळतंय? मी म्हटलं, लाकडाला रंग द्यायला मोटार कशाला कळायला पाहिजे? पेचकस घेतला आणि एकेक पट्टी सोडवली. स्क्रूंची गल्लत होऊ नये म्हणून मिसळणाचा डबा रिकामा केला. मोहरीच्या वाटीत पुढच्या उजव्या दाराचे, जिऱ्याच्या वाटीत डाव्याचे, हळदीच्या वाटीत तक्त्याचे. तेव्हापासून अप्पा म्हणायलेत की या मोटारीत बसलं की फोडणीची आठवण येते.

रंग कुठला, तर आपल्या खिडक्यांना दिला होता ना, तो हिरवा. अर्धा डबा माळ्यावर होता. अप्पांनी कपाळाला हात लावला. वकिलाची मोटार आणि आतून खिडकीसारखी हिरवी! मी ऐकलं नाही. रंग घट्ट झाला होता, म्हणून पातळ करायला स्वयंपाकघरातलं करडईचं तेल ओतलं. तेल ते तेल, असं मला वाटलं. पट्ट्यांना हात दिला आणि सांडगे वाळत घालतात तशा अंगणात बाजेवर मांडल्या. शेजारची चंद्रम्मा भिंतीवरून डोकावली आणि विचारायली, अक्का, यंदा सांडगे हिरवे कामून? मी हसले. पण रंग वाळंना गं! आज वाळेल, उद्या वाळेल, बोट लावलं की तार निघायची. त्यात चंद्रम्माकडं तूर उफणायला लागले. वारं आमच्याकडं. बघता बघता सगळा भुसा माझ्या पट्ट्यांवर. मोटारीच्या समोरच्या तक्त्याला तर दाढी आली. अप्पा हसून हसून ठसकले, आणि खरं सांगू, झटका आल्यापासून पहिल्यांदा हसले म्हणून मला राग सुद्धा आला नाही.

उलथन्यानं सगळं खरवडून काढलं. मग आठवलं, घराची दारं रंगवली तेव्हा रंगाऱ्यानं जवसाचं तेल उकळून घातलं होतं. मागच्या अंगणात चूल मांडून जवसाचं तेल उकळलं. वास असा की गल्ली नाकाला पदर लावून फिरायली. पण रंग बसला. लख्ख. पट्टीत तोंड दिसावं असा. गुत्तेदार पाहील तर खूश होईल, असं तेव्हा मनात आलं होतं.

सगळ्या पट्ट्या झाल्या, एक राहिली. मागच्या डाव्या दाराची. तिचा एक स्क्रू गंजून घट्ट बसला होता म्हणून ती शेवटी ठेवली होती. तेल सोडून, ठोकून तो एकदाचा निघाला आणि पट्टी घेऊन मी उजेडात आले. नलू, बाकीच्या पट्ट्यांचा रंग उन्हानं सुटला होता. या पट्टीचा सुटला नव्हता, ओरबाडला होता. चार नखं, पार लाकडापर्यंत. आणि एका खाचेत काचेच्या बांगडीचा तुकडा. चैत्रगौरीला तू आली होतीस, कासाराला दारात बसवून मी तुला बांगड्या भरवल्या होत्या, त्यातलाच. त्यानंतर जावई तुला न्यायला आले, आणि रामलिंगानं तुम्हा दोघांना याच मोटारीतून राजेश्वरला सोडलं. त्यानंतर तू आली नाहीस.

मी रामलिंगाला निरोप धाडला. सुट्टीच्या दिवशी आला. पट्टी त्याच्यासमोर ठेवली. त्यानं मान खाली घातली. तू त्याला तुझ्या गळ्याची शपथ घातली होतीस ना? ती मी मोडायला लावली, त्याच्यावर रागावू नकोस. त्यानं सांगितलं की हुमनाबाद मागं पडल्यावर तू हळूच म्हणालीस, रामलिंगअण्णा, गाडी फिरव, आणि जावई पुढच्या सीटवर बसून हसले. दारात गाडी थांबली तर तू उतरेनास. सासूबाई ओवाळून टाकायला भाकरतुकडा घेऊन उभ्या. तू पट्टी धरून बसलेली. मग जावयांनी वाकून तुझं एकेक बोट सोडवलं. मारलं नाही, ओरडले नाहीत, असं रामलिंग म्हणाला. शेंगा सोलाव्यात तशी शांतपणे बोटं सोडवली. सांगताना त्या एवढ्या मोठ्या माणसाच्या डोळ्याला धार लागली.

मी पण रडले. खोटं कशाला सांगू? मोटारीच्या पायरीवर बसून पोटभर रडले. मग उठले, तोंड धुतलं आणि गुत्तेदाराला निरोप पाठवला की मोटार विकायची नाही. तो तणतणत आला, रंग दिला आणि आता न्हाई म्हणायलाव, हे काय बोलणं झालं का म्हणून. मी म्हटलं, रंग माझ्या लेकीसाठी दिलाय, तुमच्यासाठी न्हाई. चहा घ्या आणि जावा.

अप्पांना सांगावं लागलं. ते म्हणाले, ती पट्टी आण. डाव्या हाताची बोटं त्या खाचांवरून फिरवत बसले. बंडोपंत काका मुराळी म्हणून तुला आणायला नागपंचमीला गेले, तेव्हा पाहुणे यायचेत म्हणून परत धाडलं. दिवाळीला गेले, तेव्हा नारळ दिला आणि रब्बीची कामं आहेत म्हणाले. तुला पाठचा भाऊ नाही, अप्पा असे. आता मुराळी म्हणून कोण जाणार, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, मी. ते म्हणाले, आई कधी मुराळी जाते का? लेकीला मूलबाळ झाल्याशिवाय आई तिच्या घरचं पाणी सुद्धा पीत नाही. मी म्हटलं, तर मग पिणार न्हाई. रीत मोडायची माझी इच्छाच न्हाई. उंबऱ्याच्या आत पाऊल ठेवणार न्हाई, पाणी पिणार न्हाई, दारात मोटारीत बसून राहीन. कुठल्या रितीत लिहिलंय, लेकीनं बाहेर येऊ नये म्हणून?

तुझ्या अप्पांनी जन्मभर कोर्टात वाद घातला. हा खटला मात्र ते हरले. म्हणाले, परात आण. मला वाटलं, डोकं फिरलं यांचं. तर परात माझ्या हातात दिली आणि म्हणाले, समजून चाल, हे स्टेअरिंग. डावा पाय क्लचवर, उजवा ब्रेकवर. स्वयंपाकघराच्या दारात मी पाटावर बसून परात फिरवायली आणि हे खुर्चीतून ओरडायलेत, अगं म्हैस आली समोर, हॉर्न दे! मी तोंडानं हॉर्न दिला. चंद्रम्मा पुन्हा भिंतीवर.

मग किल्ल्याजवळच्या मैदानात खरी मोटार. पहिल्या दिवशी तुऱ्हाट्यांच्या ढिगात घातली. दुसऱ्या दिवशी पण तोच ढीग, दुसऱ्या बाजूनं. रामलिंग सुट्टी मिळेल तेव्हा येऊन शेजारी बसायचा आणि डोळे मिटून बसवण्णाचं नाव घ्यायचा. पण जमलं. परवाना सुद्धा काढला. साहेबानं विचारलं, बाई, नऊवारीत मोटार कामून चालवायची? मी म्हटलं, नऊवारीत घोडे पळवलेत बायकांनी. मोटार तर गुरासारखी शिंगं पण मारत नाही.

हे एवढं मी बिदरला बसून लिहिलं. इथून पुढं शिसपेन्सिल आहे. एंजिन सुरू आहे म्हणून अक्षर हलायलंय, भीतीनं नाही. नलू, मी राजेश्वरात आहे. तुझ्या दारासमोर, लिंबाच्या झाडाखाली. मोटार मीच चालवत आणली. रामलिंग शेजारी आहे, तोच हे पत्र आणून तुझ्या हातात देईल. फक्त तुझ्याच हातात. सासूबाईंनी मोठ्यानं वाचायला सांगितलं तर खुशाल वाच, यात चोरून ठेवावं असं काही नाही. तोंडानं विचारायला मी बोलावलं असतं, तर तू सगळ्यांसमोर 'बरं आहे' म्हणाली असतीस, मला माहीत आहे. म्हणून लिहून आणलं, की तुला आधी सगळं ठाऊक व्हावं. अप्पांना ठाऊक आहे. त्यांनीच मला गाडी शिकवली. तुझी खोली झाडून ठेवलीय. मुलींच्या शाळेला मराठीची बाई पाहिजे आहे, हेडबाई तुझ्यासाठी विचारायला दोनदा घरी येऊन गेल्या. माझ्याजवळ घरून भरून आणलेला फिरकीचा तांब्या आहे, कुणी पाणी विचारायची तसदी घेऊ नये. कपडे गोळा करत बसू नकोस, अंगावरच्या लुगड्यानिशी ये. आत सगळं आपल्या खिडक्यांसारखं हिरवं आहे, फक्त ती एक पट्टी मी रंगवली नाही, होती तशी पुन्हा बसवलीय. घरी गेल्यावर रंगवायची का तशीच ठेवायची ते तूच ठरव, जवसाचं तेल मी उकळून बाटलीत भरून ठेवलंय. मागचं डावं दार उघडं आहे. यावेळी पट्टी धरलीस तर बोटं सोडवायला कुणी येणार नाही, मी पुढं बसलेय. आज नाही जमलं तर मी उद्या येईन, परवा येईन. रस्ता आता पाठ झालाय.

तुझीच मुराळी,
आई