जेवणाआधीचं आमेन

प्रिय आई,

आधी प्रभूच्या नावात सलाम, मग बाकीचं.

मी बरी आहे. लग्नाला महिना झाला. खोलीला मोठी खिडकी आहे, हॉस्पिटलच्या वॉर्डातली पाळीही बदलून मिळाली. तुझे गुडघे काय म्हणतात?

विश्वासाबाहेर, परधर्मात लग्न करू नये, हे बाबांचं म्हणणं मी खोडत नाही. ते लग्नाला आले नाहीत, त्याचंही वाईट वाटत नाही. हल्ली मला कशाचंच फारसं काही वाटत नाही.

तुझे जावई माझी प्रार्थना होईपर्यंत ताटाला हात लावत नाहीत. आमेन म्हणायलाही शिकलेत, जरा मोठ्यानेच म्हणतात. मी मात्र डोळे मिटून नुसती दहापर्यंत मोजते. शब्दच येत नाहीत. त्यांना हे माहीत नाही. बाबांनाही सांगू नकोस, नाहीतर म्हणतील, "बघ, मी म्हणत नव्हतो?"

एवढंच कळव. संध्याकाळच्या प्रार्थनेत बाबा आधी आम्हा भावंडांची नावं घेतात आणि शेवटी वाट चुकलेल्यांची. माझं नाव आता कधी येतं?

तुझीच,
थोरली