लुवीला बासष्ट मार्क

१ डिसेंबर
निश्चय झाला. नाताळच्या आत माझ्या लुवीला सगळ्या गावाने ओळखलं पाहिजे. पोरगी चौदाची, आवाज देवाचा, आणि मॅनेजर साक्षात बाप. गावातली गाणी म्हणायची सगळी व्हिडिओके मशीनं माझी. लग्न असो, बारसं असो, मयताचं जागरण असो, कुणाला माईक धरायचा असला की माझ्याकडेच येतात. आयुष्य गेलं दुसऱ्यांची गाणी ऐकण्यात. भिंतीपलीकडून कोण गातंय ते सांगतो. असा कान मनिलातही मिळणार नाही.

३ डिसेंबर
ट्रेनिंग सुरू. गाणं संपलं की मशीन तुतारी वाजवून मार्क देतं. लुवीला बासष्ट. म्हटलं, ओरड. ओरडली. ब्याण्णव! याला म्हणतात शास्त्र.
नेनिता स्वयंपाकघरातून म्हणाली, आधी गात होती तेव्हा माझा हात भातात थांबला होता; आता कुत्रा घर सोडून गेला. बायकोला टेक्निकल बाजू कळत नाही.

६ डिसेंबर
फेसबुक लाईव्ह. बघणारे चार. एक मी, एक नेनिता, एक दुबईतली मेहुणी. चौथा कोण ते कळलं नाही, पण मोठमोठे लोक असेच गुपचूप बघतात. मला कुया, म्हणजे दादा, म्हणणाऱ्या मेहुणीची कॉमेंट आली : कुया पेर्तो, पोरीला काही लागलं का?
कुत्रा अजून आलेला नाही.

९ डिसेंबर
बातमी! चौदा तारखेला बास्केटबॉल कोर्टवर गाण्याची स्पर्धा. जिंकेल तो प्रांताच्या रेडिओवर गाणार. परीक्षक मिस एस्ट्रेला, शाळेत गाणं शिकवतात आणि चर्चमध्ये ऑर्गन वाजवतात. या बाई माझ्या मशीनबद्दल चारचौघांत म्हणाल्या होत्या की त्या खोक्याला फक्त गोंगाट मोजता येतो. अशा माणसाकडून न्याय कसला?
तडक कापितानांकडे गेलो. ते वॉर्डाचे प्रमुख, शब्द त्यांचा. म्हटलं, परीक्षक माझं मशीन. मशीनला नातेवाईक नसतात. कापितान खूश. परीक्षकाचं जेवणही वाचलं म्हणाले. मिस एस्ट्रेला बाद.
मशीन माझं, पोरगी त्याच मशीनवर तयार झालेली. यात लबाडी नाही. याला सराव म्हणतात.

१४ डिसेंबर
काय लिहू.
लुवी उभी राहिली. ठरलेलं होतं, पहिल्या ओळीपासून ओरडायचं. मी स्पीकरशेजारून दोन्ही हात वर करून खुणा करत होतो. तिने माझ्याकडे पाहिलं, डोळे मिटले आणि हळू गायला लागली. कोर्ट चिडीचूप. लोक कंटाळले की असेच गप्प होतात.
बासष्ट.
मग आला डुकराचं मटण विकणारा इस्को. पिऊन तर्र. पहिल्या कडव्यात सूर हरवला, दुसऱ्यात शब्द हरवले, तिसऱ्यात नुसता ‘हेऽऽय’ करत राहिला. नव्याण्णव! तुतारी! रेडिओवर इस्को जाणार.
मी हरकत घ्यायला उठलो. कापितान माईकवरून म्हणाले, काय कुया पेर्तो, मशीनला नातेवाईक नसतात ना? अख्खं कोर्ट हसलं.
घरी लुवी म्हणाली, ताताय, मला ओरडायचं नाही. मी म्हटलं, मग तुला ऐकणार कोण?

१६ डिसेंबर
चर्चमध्ये नाताळआधीच्या पहाटेच्या मिसा, म्हणजे प्रार्थना, सुरू. मायलेकी अंधारात उठून गेल्या. पोरगी एवढी देवभोळी कधी झाली? पराभवाने होतं असं. नेनिता म्हणाली, तूही ये, कळेल. उद्या नक्की जाणार. डिसेंबरात मशीनं परत यायलाच मध्यरात्र होते, माणसाने झोपायचं कधी?
नवा प्लॅन : जानेवारीत मोठा स्पीकर.

१८ डिसेंबर
जाणं झालं नाही. पाठ.
ट्रायसिकल रिक्षावाल्याने भाडं घेतलं नाही. म्हणाला, कुया, आज पहाटे माझी म्हातारी रडली. मी म्हटलं, आदल्या रात्री माझं मशीन नेलं होतंस ना, स्पीकरचा बास कमी ठेवत जा. तो बघतच राहिला. म्हाताऱ्या माणसांना बास सोसत नाही.

२१ डिसेंबर
काल लुवी स्वतः म्हणाली, ताताय, एकदा या ना. शब्द दिला. गजर लावला. गजर वाजलाही, पण इस्कोच्या घरी. त्याच्या रेडिओच्या पार्टीला मशीन दिलं होतं, फोन तिथेच राहिला. माझा काय दोष? लुवीने अंडं खाल्लं आणि ताटली धुतली.
मेहनत मी करतोय, प्लॅन मी करतोय, आणि घरात तोंड पाडून सगळे माझ्याकडेच बघतात.

२३ डिसेंबर
उद्या शेवटची मिसा. आज मशीन भाड्याने दिलंच नाही, लवकर झोपणार. नेनिता म्हणाली, येशील तर ये, पण मशीन आणू नकोस. हिचा विनोद कधीकधी समजत नाही.

२४ डिसेंबर, सकाळ
उठलो. गेलो. चर्च भरून माणसं रस्त्यापर्यंत. आत शिरता येईना. बाहेर खाऊ विकणाऱ्या सेफाबाईच्या हातगाडीशी उभा राहिलो. बिबिंगका, म्हणजे तांदळाचा गरम केक, सांगितला.
आतून एका मुलीचा आवाज आला. एकटीचा. माझ्या कानाने लगेच ओळखलं : गावातली नाही. मिस एस्ट्रेलाबाईंनी माझ्यावर मात करायला शहरातून आणलेली दिसते. सूर चोख, पण जोर नाही. माझ्या मशीनवर बासष्ट, फार तर पासष्ट. भिंतीला टेकलेल्या माणसांनी टोप्या काढल्या होत्या. इस्को शुद्धीवर होता आणि टोपीने नाक पुसत होता. मीही नाक पुसलं. धूर असणार.
सेफाला हळूच विचारलं, कुणाची गं पोरगी?
तिने निखारे फुंकायचे थांबवले आणि माझ्या तोंडाकडे पाहत राहिली. बिबिंगका करपायला लागला. मी पुन्हा विचारलं.
म्हणाली, तुझी. आता गप्प राहा, ऐकू दे.
गप्प राहिलो.