तिसरं रीळ

नांदेड,
ता. १९ एप्रिल १९८६

ती. विरूपाक्ष अण्णास,
शिवकन्येचा शरणार्थ.

तुझं पत्र पोचलं. सिनेमाचे चारही डबे आज पार्सलनं परत पाठवले आहेत. पहिल्या रिळाच्या सुरुवातीला फिल्मच्या कडेची भोकं फाटली होती, ती टेपनं जोडली. बाकी मोडतोड नाही. इकडे ऊन फार आहे. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये मशिनच्या खोलीला कूलर आहे, आमच्या खोलीला नाही. घरचं शेवटी लिहीन.

"लोक जे बोलले ते त्यांच्याच भाषेत, जसंच्या तसं पाठव," असं तू लिहिलंस. परदेशातल्या महोत्सवाच्या पुस्तिकेत एक पान तुझ्या मुलखातल्या प्रेक्षकांचं हवं आहे, असंही लिहिलंस. म्हणून जसं ऐकलं तसं लिहिते. गाळायचं ते तू गाळ. तुला ते चांगलं जमतं.

आधी लातूर. जिल्हा झाल्यापासून तिथं बाहेरगावचे अधिकारी खूप आलेत. संध्याकाळी त्यांना करायला काही नसतं, त्यातून फिल्म सोसायटी निघाली. कॉलेजच्या हॉलमध्ये पुढच्या खुर्च्यांवर ते आणि प्राध्यापक, मागं गंजगोलाईतले दुकानदार. दुकानदारांचा सिनेमाशी संबंध नाही, पण 'शिवप्पाच्या पोरानं काढलाय' म्हणून दुकानं लवकर बंद करून आले. रेवणप्पा काका आणि दानम्मा काकूही आले. आपल्या अव्वाला सगळ्यात पुढं बसवलं होतं. प्रोजेक्टर चालवणारा आला नाही म्हणून मी चालवला. प्रोजेक्टरपासून लोकांच्या पाठीच दिसतात, तोंडं दिसत नाहीत, हे लक्षात घे.

मांजरेच्या कोरड्या पात्रात नुसतं दार उभं आहे आणि त्यातून जायला घागरी घेऊन रांग लागली आहे, इथं लोक हसले. ईश्वरप्पा किराणावाले म्हणाले, "भिंत न्हाई, नुसतं दार, तरी रांग. हे तर आपलं रेशनचं दुकान." कंडक्टर वाळूत उभा राहून तिकिटं फाडतो, तिथं मागून कुणीतरी म्हणालं, "पुढं सरका, नदी रिकामी हाय." टँकर दिसला तेव्हा एक बाई शेजारणीला म्हणाली, "सिनेमात दोनदा आला बघ. आमच्या गल्लीत महिना झाला, एकदाबी न्हाई." दुसऱ्या रिळात माणसं उलटी चालायला लागल्यावर खुर्च्या सरकल्याचे आवाज आले. बरेच जण उठून गेले. पुढच्या रांगेतले एक साहेब वळून म्हणाले, "ज्यांना कळत नाही त्यांनी शांतपणे जावं." मागून उत्तर आलं, "कळलं म्हणूनच चाललो, साहेब." हे पुस्तिकेत चांगलं दिसेल.

तिसरं रीळ लावलं. ते मीही तेव्हा पहिल्यांदाच पाहत होते.

शूटिंगला तू घरी आला होतास तेव्हाचं अव्वा अजून सांगते. (पत्रात तू 'आईला नमस्कार' लिहिलंस. आपण तिला अव्वा म्हणतो. तुझी सवय गेली असेल.) "विरूपाक्षानं माझ्या पूजेचा फोटो काढला. डोळे मिटून बस म्हणाला, ल‌ई वेळ बसले. मग नदीत वाळू तापली हुती, तर चार पोरांनी खुर्चीसकट उचलून नेलं मला. पायाला चटका बसू दिला न्हाई." हे ती गल्लीत प्रत्येकीला सांगायची. पोरगा पुण्यात राहून बिघडला नाही, याचा तिच्याकडचा हा पुरावा होता.

पडद्यावर ती भस्म लावून बसली. डाव्या तळहातावर गळ्यातलं लिंग, डोळे मिटलेले. रोज सकाळी बसते तशीच. मग झेंडूच्या माळा गुंडाळलेल्या काठ्या. मग खुर्चीत बसलेली ती, चार जणांच्या खांद्यावर. मग वाजंत्री. मग खड्डा, आणि वरून लोटलेली माती.

खड्ड्यात कुणी नव्हतं, हे मला माहीत आहे. एकेक तुकडा सुटा घेतला तर त्यात खोटं काही नाही. पूजा खरी, वाळू खरी, फुलंही खरी. तू फक्त जोड दिलास. कात्रीचं आणि फिल्म चिकटवायच्या सिमेंटचं काम, मला कळतं ते.

पण मागं बसलेल्या लोकांना जोड दिसत नाही. ईश्वरप्पा उभे राहिले आणि त्यांनी हात जोडले. कुणीतरी धोतर ओढून म्हणालं, "बसा की, सिनेमा हाय." ते म्हणाले, "असू दे. शिवप्पाची बायको हाय ती." मग एकामागून एक सगळे उठले. दानम्मा काकूनं गळा काढला. अव्वा चार हातांच्या अंतरावर खुर्चीत बसलेली होती, तिच्याकडे न बघता काकू पडद्याकडे बघून रडत होती. प्रोजेक्टरचा दिवा बंद करणं माझ्या हातात होतं. मी केला नाही. पुढं आणखी काय जोडलं आहेस ते मला बघायचं होतं.

चौथं रीळ कुणी धड पाहिलं नाही. नंतर तेच साहेब माझ्याकडे येऊन विचारायला लागले, लोक का उठले? मी सांगितलं, आमच्यात गेलेल्या माणसाला आडवं नेत नाहीत. भस्म लावून, हातावर लिंग ठेवून खुर्चीत बसवतात, फुलांनी सजवून वाजतगाजत नेतात आणि बसलेलंच पुरतात. ते म्हणाले, "अच्छा, म्हणजे ते वास्तव आहे? मला वाटलं, पाण्याची वाट पाहणारी धरित्री." त्यांचं पूर्ण नाव हवं असेल तर कळवीन.

अव्वा खुर्चीतून उठली नव्हती. मी जवळ गेल्यावर तिनं विचारलं, "मी कवा गेले गं?"

मी म्हणाले, "सिनेमा आहे तो, अव्वा."

"ते कळतंय मला. पण आधी सांगावं की न्हाई माणसाला."

दुसऱ्या दिवसापासून गल्लीत सुरू झालं. वाईट कुणी बोललं नाही. कमलम्मा नुसतीच येऊन तोंड बघून गेली. एकीनं विचारलं, "अशात बरं असतंय ना?" जंगमस्वामी भिक्षेला आले, त्यांनी तिच्या हातची जोंधळ्याची ओंजळ झोळीत घेतली, पण घेण्याआधी थांबले. तेवढं थांबणं तिला पुरलं. रेवणप्पा काका म्हणाले, "वैनीला नांदेडला ने काही दिवस. तिकडं कोण ओळखतंय?" म्हणून घेऊन आले. हे एक कारण. दुसरं शेवटी लिहिते.

आता नांदेड. इथल्या खेळालाही प्रोजेक्टर माझ्याकडेच होता. अव्वा म्हणाली, मी येणार. मी तिसरं रीळ लावलंच नाही. दुसरं संपल्यावर चौथं चढवलं.

अण्णा, कुणाच्याही लक्षात आलं नाही.

अर्धा तास गाळला आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. इथून कुणी उठून गेलं नाही. एक प्राध्यापक म्हणाले, रचना अतिशय घट्ट आहे, एकही दृश्य जास्तीचं नाही. एक डॉक्टर म्हणाले, "लातूरला गोंधळ झाला म्हणे. काय होतं एवढं त्यात?" मी म्हणाले, काही नाही. नांदेडच्या प्रतिक्रिया छापणार असशील तर त्या तीन रिळांच्या सिनेमाच्या आहेत, हे तुला माहीत असावं म्हणून लिहिलं. छापायला हरकत नाही. कळणार नाही कुणाला.

एकटीला कळलं. रिक्षात बसल्यावर म्हणाली, "मधलं कुठाय?"

"खराब झालं होतं."

"काय करायलीस गं? मला शिकवतीस? मी तेच बघाया आले हुते."

दुसऱ्या दिवशी दुपारी कॉलेजच्या प्रयोगशाळेत खिडक्यांना चादरी लावून मी तिला तिसरं रीळ एकटीला दाखवलं. पदर तोंडाला लावून बघत होती. संपल्यावर म्हणाली, "पुन्हा लाव." पुन्हा लावलं. मग म्हणाली, "फुलं चांगली लावलीत. वाजंत्रीबी आपल्याच गावची दिसतीय. माती हळू लोटलीय, आपटली न्हाई. समदं केलंय त्यानं."

मी म्हणाले, तेवढा भाग कापून टाकायला अण्णाला लिहिते.

"कशाला? ऱ्हाऊ दे. चांगलं केलंय." मग चष्मा पुसत म्हणाली, "पर एका माणसाचं दोनदा करत नसतेत, शिवकन्या. त्याचं करून झालं. आता माझं काही झालं तर त्याला बोलवू नको. तू अन् रेवणप्पा भावजी बघा."

हे रागानं म्हणाली नाही. भाजीत मीठ पडलंय, पुन्हा टाकू नको, असं सांगावं तसं म्हणाली. रागानं म्हणाली असती तर मी तुला कळवलं नसतं.

दुसरं कारण. गेल्या उन्हाळ्यापासूनच तिचं जेवण कमी झालं होतं. शूटिंगच्या वेळी ती किती वाळली होती हे तुझ्या कॅमेऱ्यात माझ्यापेक्षा स्पष्ट दिसतं. पोटात गाठ आहे. इथल्या डॉक्टरांनी तपासण्या दोनदा केल्या. ऑपरेशनचा उपयोग नाही म्हणतात. पावसाळा दिसेल की नाही ते सांगत नाहीत. तिला मी सांगितलेलं नाही. पण तिसरं रीळ तिनं कशासाठी दोनदा पाहिलं ते मला आता समजतं.

ट्रंक कॉल रोज माझ्या समोरून जातात. तुझ्या शेजाऱ्यांचा नंबर मला पाठ आहे. तरी फोन येणार नाही, तारही येणार नाही. मागाहून पोस्टाला दोष देऊ नकोस, काकांनाही देऊ नकोस. मी तिला शब्द दिला आहे आणि तो पाळीन. मात्र जिवंत माणसाला भेटायला यायचं तर तार लागत नाही. पुण्याहून नांदेडची बस रोज सुटते. महोत्सव आधी की हे आधी, ते तू ठरव. मी सांगणार नाही.

पत्र बंद करताना अव्वाला विचारलं, तुझा आशीर्वाद लिहू का अण्णाला? डाव्या तळहातावरचं लिंग तिनं गळ्यात परत बांधलं आणि म्हणाली, "त्येबी त्या सिनेमात आलंच असंल की. बघ म्हणावं."

मी चारही रिळं पाहिली आहेत. ते त्यात नाही.

शिवकन्या