दुष्काळाच्या फांदीवरचं गवत

सर, तुमच्या तक्त्याबद्दल लिहायचं आहे. कळंबच्या शाळेत, मांजरपाटाच्या कापडावर तुम्ही आपल्या भागातल्या गवतांचा कुळवृक्ष काढला होता. कोण कुणाचं सख्खं, कोण चुलत, कोण नुसतंच शेजारी. वीस वर्षं येरमाळ्याच्या डोंगरावरून गवतं आणून तुम्ही वर्तमानपत्रात दाबून ठेवत होतात, आणि एक फांदी सरकवायची तरी महिनाभर विचार करत होतात. आम्हाला वाटायचं, सरांना दुसरा उद्योग नाही.

पुण्यात पीएच.डी. करताना मी तुमची नमुन्यांची ट्रंकच मागून नेली. पान गुंडाळलेलं आहे का, देठावर लव आहे का, असे ढीगभर प्रश्न प्रत्येक गवताला विचारायचे. हो असेल तर एक, नाही तर शून्य. ते आकडे कार्डांना भोकं पाडून कॉम्प्युटरला द्यायचे. ज्यांची उत्तरं जास्त जुळतील त्यांना तो एका फांदीवर बसवायचा. त्याचं झाड तुमच्या तक्त्याहून फार वेगळं निघालं आणि मी मोठ्या तोऱ्यात तो कागद घेऊन शाळेत आले. तुम्ही चष्मा पुसता, बराच वेळ बघता. "आपल्याला लाडकं-दोडकं असतंय, लेकी. मशीनला न्हाय. तिचंच खरं धरावं." मग स्टुलावर चढून तक्ता उतरवता. मी स्टूल धरून उभी आहे.

पदवी मिळाल्यावर ट्रंक परत करायची म्हणून नमुने आवरायला घेतले. कॉम्प्युटरनं एका फांदीवर बसवलेली सगळी गवतं बहात्तरच्या वर्तमानपत्रांत होती. त्यांतल्या बातम्या दुष्काळाच्या: खडी फोडायची कामं, सुकडी, टँकर. पाऊसच नव्हता, म्हणून ती खुरटली होती, पानं गुंडाळून बसली होती. दुष्काळाच्या खुणांना मी रक्ताचं नातं समजले. आपल्याकडं वाढलेल्या मुलीनं ही चूक करावी, याची अजून लाज वाटते. ताजी गवतं आणून पुन्हा आकडे घातले, तर तुमचाच तक्ता निघाला.

ट्रंक घेऊन आले तेव्हा तुम्ही घरी नव्हता. ती ठेवून परत निघाले, तर एसटी स्टँडवर भेटलात. निवृत्त झाला होतात.

"मशीनचं ते झाड अजून तसंच हाय न्हवं?"

माझा प्रबंध मंजूर झालेला, नोकरी नवी.

"हो सर, तसंच आहे."

"बरं झालं बाई, वेळेत कळलं. लई वर्सं पोरांना चुकीचंच शिकवलं म्या."

हे पाठवायचं नाही, म्हणूनच लिहिता येतं आहे. नवा कागद तेव्हा माझ्या पिशवीत होता. तुम्हाला दाखवायलाच आणला होता.